एका इंजेक्शनात सगळ्या शेळ्या माजावर आणतो म्हणणाऱ्यापासून सावध

शेळ्या पाळत असाल तर हे वाचाच. सगळ्या शेळ्या एकदम माजावर, म्हणजे बोकड लावण्याजोग्या, आणून देतो, जुळ्यांची गॅरंटी, असं सांगत एक जण आला. ठरलं होतं असं की हार्मोनचा स्पंज दहा-बारा दिवस शेळीच्या योनीत ठेवायचा, काढताना इंजेक्शन द्यायचं, मग एक-दोन दिवसांत माज. पैसे सगळे आधीच घेतले आणि पठ्ठ्याने स्पंज आणलाच नाही, "नवीन औषध आलंय, गरज नाही" म्हणे, सतराच्या सतरा शेळ्यांना एकेक सुई टोचून मोकळा झाला. बाटलीवरचं लेबल नखाने खरवडलेलं, नुसता डिंक राहिलेला, मला दिसलं होतं तरी गप्प बसलो.

त्याला सांगितलं पण होतं की या दोघींना दोन महिन्यांपूर्वी बोकड लावलाय. "काय होत नाय, ताकदीचंच आहे." तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एकीच्या मागे तळहाताएवढं पिल्लू पडलेलं, अंगावर केस पण नाहीत. संध्याकाळी दुसरी गाभडली.

डॉक्टर म्हणाले, बहुतेक प्रोस्टाग्लँडिन दिलंय. शेळीचा गाभ शेवटपर्यंत अंडाशयावरच्या पीतपिंडातून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवरच टिकतो, मेंढीत पुढे वार (प्लासेंटा) ते काम उचलते तसं शेळीत नाही, आणि हे इंजेक्शन तो पिंडच जिरवतं. म्हणजे गाभण शेळीला हे दिलं की गाभ गेलाच समजा.

बरं, रिकाम्या शेळ्यांचं तरी? माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं, आणि माज होऊन चार-पाच दिवस झाले नसतील तर पिंड कोवळा असतो, औषध लागूच पडत नाही. म्हणून १०-११ दिवसांनी दुसरा डोस देतात. एका सुईत सगळ्या येतील हे बोलणंच खोटं. माझ्या पंधरातल्या नऊ आल्या, बाकीच्या ढिम्म. जुळ्यांचा तर या औषधाशी काही संबंधच नाही.

सगळ्यात राग कशाचा, तर शेळ्या धरायला माझी वहिनी होती, सहावा महिना चालू. हे औषध कातडीतून अंगात जातं, गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने बाटलीला हात पण लावायचा नसतो. नशीब, तिला काही झालं नाही. तो मात्र तिलाच म्हणत होता, "ताई, जरा बाटली धरा."

त्याला मेसेज केला तर रिप्लाय आला, "शेळ्याच कमजोर होत्या तुमच्या." मग नंबर ब्लॉक.