सकाळच्या फेरीतले मर्लिन : बडोद्यात वापरलेल्या पक्षी-ॲपचे परीक्षण

पक्षी पाहायचे म्हटले की बडोद्यातले लोक हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावाकडे गाडी काढतात. ती जागा त्या योग्यतेची आहेच. २०२१ मध्ये तिचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला आणि तेव्हापासून तिथली वर्दळ आणखी वाढली. हे परीक्षण मात्र तशा सहलीसाठी लिहिलेले नाही. दांडिया बाजारातून निघायचे, कोठीवरून काळा घोडा चौकापर्यंत जायचे, विश्वामित्रीच्या पुलावर थोडे थांबायचे, सयाजीबागेत एक फेरी मारायची आणि दूध-भाजी घेऊन घरी परतायचे, अशी सकाळ आपल्यापैकी अनेकांची असते. या फेरीत कोणी मोठा कॅमेरा घेऊन जात नाही, पण फोन प्रत्येकाच्या खिशात असतो. त्या फोनमध्ये ‘मर्लिन बर्ड आयडी’ हे ॲप ठेवले तर रोजच्या वाटेवरच्या पक्ष्यांशी आपली ओळख किती वाढते, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी येथे करीत आहे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने हे ॲप तयार केले असून ते २०१४ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि मध्येमध्ये जाहिराती येत नाहीत. त्याच प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’वर जगभरातले पक्षीनिरीक्षक आपल्या याद्या नोंदवतात, आणि कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात, कोणता पक्षी दिसण्याची शक्यता आहे हे मर्लिन त्या नोंदींवरून ठरवते. आपल्या प्रदेशाचा पक्षी-संच, म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या माहितीचा साठा, घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून घ्यावा, कारण तो फोनमध्ये बरीच जागा घेतो. एकदा तो उतरवला की बागेत नेटवर्क नसले तरी काम अडत नाही.

ओळख पटवण्याच्या तीन सोयी ॲपमध्ये आहेत : आवाजावरून, छायाचित्रावरून आणि काही प्रश्नांच्या उत्तरांवरून. वस्तीतल्या फेरीसाठी यांपैकी आवाजाची सोय सर्वांत मोलाची आहे. शहरात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो; तो वाड्याच्या भिंतीमागे असतो, पिंपळाच्या पानांत असतो किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला असतो. ध्वनिमुद्रण सुरू केले की पडद्यावर आवाजाचा आलेख सरकू लागतो, त्यात उंच स्वर वरच्या बाजूला आणि खालचे स्वर तळाशी उमटतात, आणि ॲप त्या आकृतीची साठवलेल्या नमुन्यांशी तुलना करून पक्ष्याचे नाव खाली आणून ठेवते. तोच पक्षी पुन्हा बोलला की यादीतले त्याचे नाव उजळते. चार-पाच पक्षी एकाच वेळी बोलत असताना कोणता आवाज कोणाचा, हे वेगळे करायला कान शिकतो तो नेमका या उजळण्यामुळे.

शिंपी पक्ष्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तांबूस डोके, हिरवट पाठ, उभी शेपटी आणि चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम पाच इंच, एवढासा हा पक्षी ‘टुविट, टुविट, टुविट’ असा इतका खणखणीत ओरडतो, की तो आवाज एखाद्या मोठ्या पक्ष्याचा असावा असे वाटून आपण वरच्या फांद्या धुंडाळत राहतो. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या कुंपणाशी तगरीचे झुडूप आहे. तिथे ॲपने शिंप्याचे नाव दाखवले म्हणून मी नजर वरून खाली आणली, तेव्हा गुडघ्याएवढ्या उंचीवर, पानांच्या आत, तो प्रत्येक हाकेबरोबर गळा फुगवत असलेला दिसला. गळ्याची पिसे ताणली गेली की त्यांखालची काळी रेघ क्षणभर उघडी पडते आणि गळा मिटला की नाहीशी होते. ही रेघ चित्रात सहसा ठळक दिसत नाही. ती पाहण्यासाठी पक्षी बोलत असताना त्याच्यासमोर असावे लागते, आणि मर्लिनने मला तिथे उभे केले याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

तरीही ॲप कसे वापरू नये, हे मी अधिक आग्रहाने सांगेन. घराबाहेर पडताच ध्वनिमुद्रण सुरू करून फोन हातात धरून चालत राहिले, तर घरी येईपर्यंत पंधरा-वीस नावांची यादी तयार होते आणि त्यांतल्या एकाही पक्ष्याशी आपली भेट झालेली नसते. आधी थांबावे, दोन-तीन मिनिटे नुसते ऐकावे, आवाज कोणत्या झाडातून येतो ते ठरवावे, मनाशी एक नाव धरावे आणि मग ॲप उघडावे. आपले उत्तर आधी आणि ॲपचे नंतर, हा क्रम पाळला की ते गुरुजींसारखे शिकवते. क्रम उलटला की कान आळशी होतो. ॲपच्या निर्मात्यांचेही म्हणणे असेच आहे, की पडद्यावरचे नाव ही सूचना समजावी आणि खात्री पक्षी पाहून स्वतः करावी.

शिवाय आपल्याकडे कान तयार असलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत, याचा विसर पडू नये. मी फोन वर धरून उभा असताना शेजारच्या वाड्यातल्या काकूंनी ओसरीवरूनच विचारले, “काय ऐकताय?” मी तांबटाचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, तो होय! आमच्या पिंपळावर उन्हाळाभर ठोकत असतो. वाळकी फांदी दिसतेय ना, तिला भोक आहे बघा, तिथेच राहतो.” तांबट वठलेल्या फांदीत चोचीने पोखरून घरटे करतो हे खरेच आहे, आणि ती नेमकी फांदी कोणती हे ॲप कधीच सांगू शकले नसते. पावशाची ‘पेर्ते व्हा’ ही हाक आणि टिटवीचे रात्रीचे ओरडणे आपल्या आजीलाही ओळखता येत होते. त्या ओळखीला मर्लिनची जोड मिळावी; तिची जागा त्याने घेऊ नये.

आता मर्यादांकडे वळतो. त्या बहुतेक करून आवाज ओळखण्याच्या पद्धतीतच आहेत, त्यामुळे त्या समजून घेतल्या की त्रास होत नाही. काळा घोडा चौकात साडेसातनंतर वाहनांचा जो आवाज असतो, त्यात फोनच्या माईकला लांबचा पक्षी ऐकू येणे शक्य नाही. म्हणून आवाजाची सोय वापरायची असेल तर उजाडल्यापासून पहिला तासभर घ्यावा. दुसरी अडचण खास सयाजीबागेची आहे. बागेत प्राणिसंग्रहालय असल्याने पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे आवाजही वाटेवर येतात, आणि बंदिस्त मोर ओरडला की मोकळा, हे सांगणे ॲपच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्या भागातून जाताना मुद्रण बंद ठेवलेले बरे, आणि पिंजऱ्यातला पक्षी आपल्या यादीत तर मुळीच घालू नये.

तिसरी गोष्ट नकलांची. कोतवाल हा पक्षी शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाज काढतो. ते ऐकून दुसरे पक्षी घाबरून उडाले की त्यांनी टाकलेले भक्ष्य त्याला मिळते. आवाजाची आकृती शिक्र्यासारखीच असल्यावर यंत्राने शिक्र्याचे नाव सुचवले तर त्याला बोल लावता येणार नाही. तेव्हा शिक्र्याचे नाव आले की आधी तारांवर आणि झाडाच्या शेंड्यावर दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी बसला आहे का, ते पाहावे. गप्प राहणाऱ्या पक्ष्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. पुलाखाली काठाच्या चिखलात दबा धरून बसलेला वंचक हा बगळा तासन्‌तास आवाज करीत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको. तेव्हा वंचकाला शोधायचे ते पुलाच्या कठड्यावरूनच, काठावर उतरून नव्हे.

अशा मुक्या पक्ष्यांसाठी प्रश्नोत्तरांची सोय आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ती आधी वापरावी असे माझे मत आहे. पक्षी कुठे व कधी दिसला, आकाराने केवढा होता, ठळक रंग कोणते होते आणि तो काय करीत होता, एवढेच ॲप विचारते. प्रश्न साधे वाटतात, परंतु त्यांची उत्तरे देता यावीत म्हणून आपण पक्ष्याकडे नीट पाहू लागतो. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत गडद निळा-जांभळा चमकतो. ते दिवस सरले की त्याची पिसे मादीसारखी फिकी होतात, पोट पिवळसर दिसू लागते आणि गळ्यापासून खाली एक गडद पट्टा तेवढा राहतो. रंग पिवळा लिहायचा की काळा, या विचारात आपण त्या पट्ट्यापर्यंत पोहोचतो. हे शिक्षण आवाजाच्या सोयीत मिळत नाही.

छायाचित्राच्या सोयीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. साध्या फोनने उंच झाडावरच्या पक्ष्याचे छायाचित्र घेतले तर आकाशावर एक काळा ठिपका येतो, आणि ठिपक्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. कोणी आपल्याला स्वच्छ छायाचित्र पाठवून “हा कोणता?” असे विचारले, तर मात्र ही सोय चांगली उपयोगी पडते.

ऋतूंप्रमाणे ॲपचा उपयोग बदलतो आणि त्यातच त्याची खरी गंमत आहे. हिवाळ्यात थंड प्रदेशातून आलेला थिरथिरा वाड्यांच्या गच्चीवर, पडक्या भिंतीवर शेपटी थरथरवत बसतो आणि पांढरा धोबी नदीकाठी पळापळ करतो. हे दोघे पाहुणे आहेत हे ॲपमधल्या त्या-त्या पक्ष्याच्या पानावरून लगेच कळते. कोकीळ थंडीत जवळजवळ गप्प असतो आणि फाल्गुनाच्या सुमारास सुरू होतो. त्याची ‘कुहू’ सर्वांना ठाऊक असते, पण अंगभर ठिपके असलेली कोकिळा ‘किक-किक-किक’ असा तीव्र आवाज करते हे अनेकांना ठाऊक नसते, आणि दोन्ही आवाजांपुढे एकच नाव उजळलेले पाहिले की ते लक्षात राहते. पावसाळा उतरणीला लागला की पळसमैनांचे थवे येऊ लागतात. संध्याकाळी त्यांचा जो कल्लोळ होतो, त्यात वेगळे नाव शोधू नये, नुसते पाहत राहावे.

वापराचे काही नियम मी कळकळीने सांगतो. ॲपमध्ये प्रत्येक पक्ष्याचे नमुना-आवाज ऐकायची सोय आहे. ते झाडाखाली उभे राहून मोठ्याने लावू नयेत. विणीच्या काळात नराला तो आवाज म्हणजे हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी वाटतो, आणि घरटे व पिल्ले सोडून तो व्यर्थ धावपळ करतो. नमुने घरी ऐकावेत, बाहेर इअरफोन लावावा. दुसरे असे, की माईक पक्ष्यांबरोबर माणसांचे बोलणेही टिपतो. कट्ट्यावर बसलेल्या मंडळींचे खासगी बोलणे आपल्या फोनमध्ये राहणे योग्य नाही. तसे मुद्रण घरी आल्याबरोबर पुसून टाकावे.

ॲपच्या जोडीला दुर्बीण असावी का, असे विचारले जाते, त्याचे उत्तर होय असे आहे. ८×४२ मापाची दुर्बीण फेरीसाठी पुरेशी होते. तिच्यातून वस्तू आठपट जवळ दिसते, आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगाला ८ ने भागले की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिलिमीटर रुंदीचा मिळतो, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही रंग समजतात. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण चालून दमलेल्या हातात अधिक हलते. गळ्यात दुर्बीण अडकवून निवासी गल्लीत फिरताना ती लोकांच्या खिडक्यांकडे वळू देऊ नये, आणि कोणी विचारले तर त्यांच्याही हातात द्यावी. राखी धनेशाची ती वाकडी, वर टोपी असलेली चोच एकदा पाहिलेला शेजारी पुढच्या वेळी स्वतःहून हाक मारतो.

पाचपैकी चार गुण मी या ॲपला देतो. एक गुण राखून ठेवला आहे तो आपल्याकडच्या नोंदींसाठी. मर्लिनचे अंदाज ई-बर्डवरील याद्यांवर उभे आहेत, आणि निरीक्षक नेहमीच तलावांकडे व जंगलांकडे जातात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा दाट वस्तीत कोण कोण राहते, हे तिथे राहणाऱ्यांनीच लिहायचे असते. साळुंकी, पारवा, चिमणी यांचीही नोंद करावी. देशभरातल्या अशाच नोंदींच्या आधारे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेता आला आणि मोर व कोकीळ वाढत असल्याचे दाखवता आले. दर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा पक्षीगणनेचा उपक्रम होतो, भारतातून २०१३ पासून त्यात लोक भाग घेत आहेत, आणि त्याच्या यादीसाठी पंधरा मिनिटांचे निरीक्षण पुरते. सयाजीबागेत रमतगमत एक फेरी मारायला तेवढा वेळ लागतोच.