नऊ महिन्यांत सहा वेळा उघडलेलं कॅबिनेट: एका बी६५० मदरबोर्डचा वापरानंतरचा अनुभव

मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड, ही एकदा बसवली की विसरून जायची वस्तू, असा माझा समज होता. गेल्या नऊ महिन्यांत मी कॅबिनेटची बाजूची काच सहा वेळा काढली आणि त्यातल्या पाच वेळा सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड बाहेर काढावं लागलं. या बोर्डाबद्दलची माझी निम्मी तक्रार एवढ्यातच आली. कौतुकही आहे, ते ओघात येईलच.

आधी जुळणी सांगतो. बोर्ड एएमडीच्या बी६५० चिपसेटचा (बोर्डावरची डेटाची वाहतूक सांभाळणारी चिप), एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा), पूर्ण एटीएक्स आकाराचा, म्हणजे ३०५ बाय २४४ मिलिमीटर. प्रोसेसर रायझन ७ ७७००, रॅम सुरुवातीला १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एक एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी, पट्टीसारखी स्टोरेज) आणि तीन पंख्यांचं जाडजूड ग्राफिक्स कार्ड. दिवसा व्हिडिओ एडिटिंग, रात्री गेम. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हीच मांडणी बऱ्याच बोर्डांवर दिसते. नावापेक्षा कुठली गोष्ट कुठे बसवलीय ते बघा.

जोडणीच्या दिवशी बोर्डाने मन जिंकलं होतं. आधीच्या पिढीच्या एएम४ सॉकेटवर पिना प्रोसेसरच्या पोटाला असायच्या. कूलर ओढताना पेस्टला चिकटून प्रोसेसरही बाहेर यायचा आणि मग वाकलेल्या पिना सुईने सरळ करत बसायचं. एएम५ मध्ये १७१८ पिना सॉकेटमध्येच आहेत, वरून पत्र्याची चौकट दाबून बसते. कूलरच्या स्क्रूंची मापं मात्र तीच ठेवल्यामुळे माझा जुना कूलर चालून गेला. मागच्या पोर्टांची पट्टी बोर्डालाच जोडलेली आहे. ती वेगळी बसवताना बोटं कापून घेतलेल्यांना याची किंमत कळेल.

मग बटण दाबलं आणि स्क्रीन काळीच. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, चित्र नाही. बोर्डाच्या उजव्या कडेला, २४ पिनच्या सॉकेटजवळ, सुरू होताना कुठला भाग अडला ते दाखवणारे चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. त्यातला डीरॅमचा पिवळा दिवा अडून बसलेला. पाच मिनिटं झाली, सहा झाली. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन रॅम काढायच्या तयारीत, आणि आठव्या मिनिटाला बायोस (बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा प्रोग्राम) उघडलं. डीडीआर५ रॅमची पहिली जुळवाजुळव, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, ती एएम५ वर अशीच रेंगाळते. नवीन बोर्ड लावणाऱ्याने चहा करून यावं, पण वीज बंद करू नये. नंतरही रोज सुरू होताना पाऊण मिनिट जायचं. बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीची जुळवाजुळव लक्षात ठेवायची सोय) चालू केल्यावर ते कमी झालं. ते चार दिवे नसते, तर मी त्या दिवशी चांगली रॅम परत पाठवली असती. माझ्या मते बोर्डावरची सगळ्यात उपयोगी चीज तीच, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नाही.

जाहिरातीत असतात ते पॉवर फेज, म्हणजे प्रोसेसरची वीज वाटून पुरवणारे भाग. खोक्यावर मोठ्या अक्षरात १४ लिहिलंय. माझा प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गातला, ताण आला तरी ८८ वॉटच्या आसपास थांबतो. तासभर व्हिडिओ रेंडर करूनही या भागाचं तापमान माझ्याकडे ५८ अंशांच्या वर गेलेलं नाही. म्हणजे हे सगळं मला दुप्पट झालं. चालेल, पण त्यासाठी बसवलेला हीटसिंकचा (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूचा) ठोकळा इतका रुंद आहे की प्रोसेसरला वीज देणारं आठ पिनचं सॉकेट त्याच्या आणि कॅबिनेटच्या छताच्या मध्ये सांदीत गेलंय. बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच ही केबल लावून घ्या. मी नंतर लावायला गेलो आणि दोन बोटांच्या चिमटीत ती खटकन बसेपर्यंत नखाचा तुकडा गेला.

आता मुख्य दुखणं. ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकची एक खिट्टी असते. कार्ड काढताना ती दाबावी लागते. या बोर्डावर ती खिट्टी ग्राफिक्स कार्डाची मागची पत्र्याची पाठ आणि पहिल्या एम.२ चा हीटसिंक यांच्यामध्ये अडकली आहे. वरून कूलरची सावली. बोट जात नाही. स्क्रूड्रायव्हर जातो, पण घसरला तर थेट बोर्डावर ओरखडा, आणि तिथे तांब्याच्या बारीक रेषा आहेत. मी टूथब्रशची दांडी वापरतो. एका हाताने कार्ड तोलायचं, दुसऱ्याने दांडी आत सरकवायची, खिट्टी दबल्याचा बारीक ‘टक्’ ऐकू आला की कार्ड सरळ वर उचलायचं. जरा तिरकं झालं की पुन्हा अडकतं. काही महागड्या बोर्डांवर याच कामासाठी कडेला एक बटण दिलेलं असतं. बोर्ड निवडताना मी त्या बटणाकडे बघून हसलो होतो.

कार्ड एवढ्या वेळा का काढावं लागलं? पहिलं कारण माझीच चूक. महिनाभराने सहज पाहिलं तर एसएसडी मोठ्या फाइल कॉपी करताना ७८ अंशांवर. हीटसिंक असूनही! पहिला स्लॉट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मध्ये आहे, त्याच्या पट्टीचा एक स्क्रू कार्डाखाली जातो. कार्ड काढलं, पट्टी उघडली, आणि थर्मल पॅडवरचा (एसएसडीची उष्णता पट्टीत नेणाऱ्या मऊ गादीवरचा) पारदर्शक कागद तसाच. जोडताना सोलायचाच राहिला होता. तो काढल्यावर तापमान ६० च्या आत आलं. हसू नका, तुमचाही एकदा बघून घ्या.

दुसरी एसएसडी घालायला गेलो तेव्हा स्लॉटांचा हिशेब नीट समजला. तीन एम.२ आहेत. वरचे दोन थेट प्रोसेसरला जोडलेले, तिसरा चिपसेटमार्फत. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात पीसीआयई ४.० च्या (भागांमधला डेटा वाहून नेणाऱ्या जोडणीच्या) चारच वाटा आहेत, म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी. त्याच वाटेवरून साटा (हार्ड डिस्कची जोडणी), नेटवर्क आणि यूएसबीचे बरेच पोर्टही जातात. कागदावर हे वाचून मी धास्तावलो होतो. प्रत्यक्षात तिसऱ्या स्लॉटमधून एडिटिंग करताना कधी काही अडलं नाही. मात्र दुसरा आणि तिसरा, दोन्ही स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली आहेत. पुन्हा टूथब्रश. शिवाय खाली एक लांबलचक स्लॉट आहे, दिसायला अगदी ग्राफिक्स कार्डाचा, पण आतून फक्त चार वाटांचा. कॅप्चर कार्डाला (बाहेरून येणारा व्हिडिओ रेकॉर्ड करणाऱ्या कार्डाला) पुरतो. दुसरं ग्राफिक्स कार्ड लावायचा बेत असेल तर लांबीवर जाऊ नका.

रॅमचा किस्सा मात्र बोर्डाच्या माथी मारणार नाही. चार खाचा आहेत म्हणून मी १६ जीबीच्या आणखी दोन पट्ट्या आणल्या. आधीच्या दोन एक्स्पो प्रोफाइलवर (रॅमच्या वाढीव वेगाचं तयार सेटिंग) ६००० च्या वेगाला मजेत चालत होत्या. चार लावल्यावर ६००० ला बूटच होईना, आपोआप ठेवलं तर ३६००. एएमडीचं या प्रोसेसरसाठीचं अधिकृत मापच दोन पट्ट्यांना ५२०० आणि चारांना ३६०० आहे, हे मी नंतर वाचलं. खाचा चार असल्या तरी डीडीआर५ मध्ये दोनच भरायच्या. शेवटी चारही देऊन टाकल्या आणि ३२ च्या दोन घेतल्या. त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या. इथे एक चांगली सोय: खाचांना खिट्टी फक्त वरच्या टोकाला आहे, त्यामुळे निदान रॅम बदलायला कार्ड हलवावं लागलं नाही. सहातली ती एकमेव वेळ.

मागच्या पोर्टांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दोन पोर्ट अजूनही यूएसबी २.० चे का दिलेत म्हणून मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. मग वायरलेस माउस अडखळायला लागला. बॅटरी बदलली, ड्रायव्हर बदलला, फरक शून्य. एके दिवशी लक्षात आलं की बाहेरची एसएसडी जोडलेली असतानाच हे होतं. यूएसबी ३ च्या वेगवान तारा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि माउसचा डोंगल (यूएसबीत घालायचा त्याचा छोटा रिसीव्हर) नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. माझा डोंगल त्या एसएसडीच्या अगदी शेजारच्या पोर्टात होता. तो लांबच्या २.० पोर्टात घातल्यापासून माउस लोण्यासारखा चालतो. आता ते दोन पोर्ट जुनाट वाटत नाहीत.

नेटवर्क २.५ गिगाबिटचं, त्याने कधी त्रास दिला नाही. आवाज ठीक. पुढच्या हेडफोनचा हेडर (केबल लावायच्या पिनांचा जोड) खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे केबल ताणून न्यावी लागते आणि ग्राफिक्स कार्डावर भार आला की हेडफोनमध्ये बारीक किरकिर ऐकू येते. मागच्या जॅकला ती येत नाही.

पंख्यांचे हेडर सहा. पण तीन वरच्या कडेला, दोन तळाशी, एक मागे. पुढच्या तीन पंख्यांजवळ एकही नाही. मी एक फाटा देणारी केबल घेतली. पंखे बारीक असतील तर चालतं, एका हेडरवर साधारण १ अँपिअरची मर्यादा लक्षात ठेवायची. रोषणाईवाल्यांना एक ताकीद: ५ व्होल्टचा तीन पिनांचा आणि १२ व्होल्टचा चार पिनांचा हेडर तळाशी अगदी शेजारी आहेत. चुकून ५ ची पट्टी १२ वर लावली तर दिवे जळतात. एवढे जवळ ठेवायची काय गरज होती?

बायोस वापरायला सुटसुटीत आहे, पंख्यांचा आलेख माउसने ओढून बदलता येतो. सुरुवातीला ब्राउझर उघडला तरी पंखा गुरगुरायचा. वेग वाढवण्याआधी थांबण्याचा वेळ तीन सेकंदांवर नेला आणि घर शांत झालं. राग आहे तो अपडेटचा. नऊ महिन्यांत तीन अपडेट केले, तिन्ही वेळा सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीने घ्यायला नकार दिला. आता मी मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. दुसऱ्या अपडेटच्या मध्येच वीज गेली. पुन्हा सुरू केलं तर काहीच नाही. मागच्या बाजूच्या फ्लॅशबॅक (पेनड्राइव्हवरून बायोस नव्याने भरणाऱ्या) बटणाने वाचवलं: एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, फाइलला पुस्तिकेत दिलेलं नाव, ठरलेल्या पोर्टात घालून बटण दाबून धरायचं. त्याला प्रोसेसरचीही गरज लागत नाही. हे बटण नसलेला बोर्ड मी आता घेणार नाही.

पाचव्या आणि सहाव्या वेळी कॅबिनेट उघडलं ते बायोसच्या सेटिंग पुसण्यासाठी. रॅमचं टायमिंग (तिची प्रतिसादाची वेळ) जरा जास्त आवळलं की बोर्ड सुरूच होत नाही, मग सीमॉस क्लिअर करावं लागतं, म्हणजे त्या सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणाव्या लागतात. त्याच्या दोन पिना कुठे? ग्राफिक्स कार्डाखाली. सीआर२०३२ ची नाण्याएवढी बॅटरी? तीही तिथेच. मागे बटण दिलेलं नाही. सहाव्या वेळी कार्ड बाहेर असतानाच कॅबिनेटच्या रीसेट बटणाची वायर तिच्या जागेवरून काढून या दोन पिनांवर लावून टाकली. रीसेट तसंही कोण वापरतं. आता वीज पूर्ण बंद करून ते बटण पाच सेकंद दाबलं की काम होतं, काच उघडावी लागत नाही. घरात दुसऱ्या कुणी भलत्या वेळी दाबू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.