तीन महिन्यांचा पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण वर्ग : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात असताना आमच्या महाविद्यालयाने सुरू केलेल्या तीन महिन्यांच्या पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण वर्गात मी नाव घातले. वर्ग संपून पाच महिने झाले, तरी माझा सराव तेथे लागलेल्या शिस्तीनेच चालू आहे.

शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते, आणि आता मैदानी आधी होते. त्यात निम्मे गुण मिळाले तरी लेखीसाठी एका जागेमागे दहाच उमेदवार बोलावले जात असल्याने एकेका गुणाला मोल आहे. मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला २०, तर १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५ गुण आहेत.

आम्हाला शिकवायला निवृत्त हवालदार होते. दर शनिवारी ते स्टॉपवॉच घेऊन उभे राहत आणि प्रत्येकीची वेळ वहीत लिहीत. पहिल्या शनिवारी माझे ८०० मीटर ३ मिनिटे ४२ सेकंदांत झाले, कारण पहिल्याच फेरीत जीव तोडून पळाल्याने दुसऱ्या फेरीत दम उरला नव्हता. "पहिला राऊंड राखून पळ, पोरी," एवढेच सर म्हणत, पण ते अंगवळणी पडायला सहा आठवडे लागले. बाराव्या शनिवारी वहीत ३ मिनिटे ४ सेकंदांची नोंद झाली. पूर्ण गुणांसाठी २ मिनिटे ५० सेकंद लागतात.

गोळ्याचे तंत्र तर मी तेथेच शिकले. चार किलोचा गोळा मी चेंडूसारखा तळव्यात धरून फेकत असे. एका पावसाळी सकाळी सरांनी माझा हात उलटा करून पाहिला. ओल्या मुरुमाचा चिखल तळव्याच्या मधोमध लागला होता. तो बोटांच्या मुळाशी लागला पाहिजे आणि तळवा कोरडा राहिला पाहिजे, हे त्यांनी दाखवले, आणि महिनाभरात माझी फेक ३.९० मीटरवरून ५.२० मीटरवर गेली.

लेखीच्या तयारीबाबत मात्र मी नाराज आहे. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान यांवरील १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असताना आम्हाला केवळ टिपणे उतरवून दिली गेली. घड्याळ लावून सराव प्रश्नपत्रिका दोनच झाल्या. वर्ग संपल्यावर मी घरी दर रविवारी एक प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवू लागले, तेव्हा कुठे अंकगणितातला माझा संथपणा लक्षात आला. मैदानात पाणी साचले की आम्हाला डांबरी रस्त्यावर पळवले जाई; त्यामुळे माझ्या नडग्या इतक्या दुखावल्या की दोन आठवडे सराव बंद ठेवावा लागला. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला निवड यादीत एकही गुण नाही, हे फी भरतानाच पालकांना स्पष्ट सांगायला हवे होते.

तरीही धावणे आणि गोळा यांसाठी मी हा वर्ग पुन्हा केला असता. ज्यांना अशा वर्गात प्रवेश घ्यायचा आहे, त्यांनी आधीच्या तुकडीची शनिवारची वही आणि सोडवून घेतलेल्या प्रश्नपत्रिका या दोन्ही गोष्टी पाहायला मागाव्यात.