पडक्या भिंतींच्या पोटातलं घर : ॲस्टली कॅसल

आम्ही सहा जण तीन रात्री इथे राहून आलो. इंग्लंडमध्ये वॉरिकशर परगण्यात, ननीटन शहराजवळ. जुन्या वास्तू वाचवून सुट्टीसाठी भाड्याने देणाऱ्या लँडमार्क ट्रस्टकडे हे घर आहे. घ्यायचं तर अख्खंच घ्यायचं, आठ जणांची सोय होते.

मी पस्तीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली आहेत, त्यामुळे पहिला दिवस भिंती बघण्यातच गेला. १९७८ च्या आगीत इथलं छप्पर आणि मजले गेले. मागे उरल्या त्या फुटक्या दगडी भिंती. वीदरफर्ड वॉटसन मान या वास्तुरचनाकारांनी त्या पाडल्या नाहीत आणि जुन्याची नक्कलही केली नाही. भगदाडं होती तिथे सरळ नवी वीट आणली. दगडाची कड जिथे जशी तुटली आहे, तिथे तशीच वीट जाऊन भिडते. हीच वीट जुन्या भिंतीला धरूनही ठेवते. मी सांध्यावरून कितीदा हात फिरवला! दुरुस्ती कळताच कामा नये, असं आम्हाला कायम सांगितलं जायचं. इथे ती उघड दिसते, आणि त्यामुळेच जुना दगड नीट दिसतो. ब्रिटनमधलं वास्तुकलेचं मानाचं स्टर्लिंग पारितोषिक २०१३ साली या कामाला मिळालं, ते अगदी योग्य हाती गेलं.

झोपायच्या खोल्या खाली, बैठक आणि स्वयंपाकघर वर. सकाळी उठून लाकडी जिना चढला की एकदम उजेडात येतो आपण. मोठ्या खिडक्यांतून शेजारचं चर्च दिसतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण लिफ्ट असल्यामुळे त्यांना काहीच अडचण आली नाही.

घराला लागून वरून उघडा चौक आहे, चारी बाजूंनी जुन्या भिंती. एका संध्याकाळी तिथे बसून मी सासूबाईंना या घराच्या जुन्या मालकांची, ग्रे घराण्याची गोष्ट सांगितली. १५५३ मध्ये इंग्लंडची नऊ दिवसांची राणी झालेली जेन याच घराण्यातली. पुढच्या वर्षी तिचे वडील हेन्री ग्रे बंडात उतरले आणि ॲस्टलीतच पकडले गेले. "मग पोरीचं काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. तिला १२ फेब्रुवारीला मारलं, वडिलांना २३ ला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठून त्यांनी भिंतीला हात लावला.

टीव्ही नाही, मुलांना आधी सांगून ठेवा. किराणा ननीटनहूनच भरून न्या. आणि तीन रात्री कमी पडतात, जमलं तर आठवडाभरासाठी घ्या. आम्ही निघालो त्या सकाळी पाऊस पडून गेला होता. चौकातला ओला दगड जवळजवळ काळा दिसत होता, आणि त्यातली नवी वीट लालसर. तो सांधा बघायला मी पुन्हा खाली उतरले.