‘सी’मध्ये वापरकर्त्याची ओळ कशी वाचावी: गेट्स, स्कॅनएफ, एफगेट्स की गेटलाइन?

सी भाषेत वापरकर्त्याने टंकलेली ओळ वाचण्याचे अनेक मार्ग आहेत, आणि त्यांतला कोणता घ्यावा हे ठरवायचे असेल तर प्रत्येकाची व्याख्या वाचत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकाच परीक्षेला बसवणे अधिक उपयोगाचे ठरते. परीक्षा अशी: प्रोग्रॅम आधी गावाचे नाव विचारतो, मग वय, नावासाठी २० बाइटांचा ॲरे (मेमरीतली सलग जागा) राखलेला आहे, आणि समोरची व्यक्ती मराठीतून ‘कोल्हापूर’ असे लिहिते. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना-मात्रा असो किंवा जोडाक्षरातला हलन्त असो, तीन बाइट घेते. कोल्हापूरमध्ये अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट, आणि स्ट्रिंग संपल्याचा शून्य बाइट धरून २८. हेच नाव रोमन लिपीत शून्य बाइट धरून ९ बाइटांत मावते. त्यामुळे रोमन नावांवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम पहिल्याच मराठी नावाला कोलमडू शकतो.

गेट्सचा निकाल लवकर लागतो. या फंक्शनला आपल्याकडे जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नाही. ओळ संपेपर्यंत ते लिहीत जाते आणि आपल्या उदाहरणात ॲरेच्या पलीकडचे आठ बाइट खराब करते. तिथे दुसरे एखादे चल असेल तर त्याची किंमत बदलते, आणि फंक्शनचा परतीचा पत्ता (काम संपल्यावर कुठे परतायचे याची नोंद) असेल तर ओळ पाठवणाऱ्याच्या हाती प्रोग्रॅमचा लगाम जातो. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने जे मार्ग वापरले त्यांपैकी एक हाच होता: फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेचा प्रोग्रॅम ५१२ बाइटांच्या जागेत गेट्सने ओळ वाचत असे. २०११ च्या सी मानकातून हे फंक्शन काढून टाकण्यात आले. तरीही टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकवणाऱ्या प्रयोगशाळांमुळे ते अजून टिकून आहे. प्रॅक्टिकलच्या वहीत लिहावेच लागले तर लिहावे, पण ते वहीतच राहू द्यावे.

स्कॅनएफची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण ते अर्धे सुरक्षित आहे. फॉरमॅटमध्ये, म्हणजे काय वाचायचे ते सांगणाऱ्या स्ट्रिंगमध्ये, नुसते टक्का आणि एस दिले तर ते गेट्सइतकेच धोकादायक ठरते. टक्क्यापुढे १९ हा आकडा घातला की ॲरेची मर्यादा पाळली जाते. मात्र हा आकडा फॉरमॅटच्या स्ट्रिंगमध्येच लिहावा लागतो. प्रिंटएफमध्ये तारांकन देऊन रुंदी वेगळी पाठवता येते, तर स्कॅनएफमध्ये त्याच तारांकनाचा अर्थ ‘वाच, पण साठवू नकोस’ असा होतो. त्यामुळे उद्या कोणी ॲरे लहान केला आणि फॉरमॅटमधला आकडा बदलायला विसरला, तर जुने भगदाड पुन्हा उघडते.

त्याहून त्रासदायक म्हणजे त्याचे मोकळ्या जागेशी असलेले वैर. ‘नवी मुंबई’ असे उत्तर आले तर नावात फक्त ‘नवी’ येते आणि ‘मुंबई’ बफरमध्ये (न वाचलेला मजकूर थांबतो त्या जागेत) रेंगाळते. पुढे वयासाठी पूर्णांक मागितला की स्कॅनएफला समोर ‘मुंबई’ दिसते. ते अंक नसल्यामुळे ते काहीही न उचलता शून्य परत करते. चूक आल्यास पुन्हा विचारण्यासाठी लूप लिहिलेला असेल, तर ‘वय लिहा’ हीच ओळ पडद्यावर थांबता थांबत नाही, कारण ‘मुंबई’ दर फेरीला तिथेच असते. शिवाय पूर्णांकात न मावणारा आकडा टंकला गेला तर काय व्हावे याची कोणतीही हमी मानक देत नाही. ठरलेल्या साच्यातली, आपल्याच प्रोग्रॅमने लिहिलेली फाइल वाचायला स्कॅनएफचे भाऊबंद चालतील. माणसाच्या हातून येणाऱ्या मजकुरासाठी मी ते घेणार नाही.

एफगेट्सला ॲरेसोबत त्याचा आकार द्यावा लागतो, आणि ते त्याहून एक बाइट कमी वाचून शेवटी शून्य बाइट ठेवते. कोल्हापूरचे पहिले १९ बाइट घेतले की सहा चिन्हे पूर्ण येतात आणि ‘प’चा केवळ पहिला बाइट लटकत राहतो, पडद्यावर ‘कोल्हा’ आणि त्यापुढे एक विचित्र चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. शहराचा प्राणी झाला, पण शेजारची मेमरी शाबूत राहिली. महत्त्वाचे म्हणजे ओळ तुटली हे ओळखता येते: एफगेट्स ओळीच्या शेवटचे न्यूलाइन चिन्ह ठेवून देते, त्यामुळे ते सापडले नाही आणि इनपुटही संपलेले नसेल, तर ओळ अपुरी आहे असे समजावे. अशा वेळी न्यूलाइन येईपर्यंतचा उरलेला मजकूर वाचून टाकून द्यावा आणि नाव पुन्हा मागावे, नाहीतर तो उरलेला तुकडा वयाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे सरकेल. अर्थात, मुळात ॲरेच २५६ बाइटांचा घेतला तर ही वेळ क्वचितच येईल.

एक सापळा सांगायलाच हवा. ॲरे दुसऱ्या फंक्शनला देऊन तिथे साइझऑफने आकार काढला, तर मिळतो पॉइंटरचा (ॲरेच्या पत्त्याचा) आकार, ६४-बिट यंत्रावर बहुधा ८. मग एफगेट्स सातच बाइट वाचते आणि कोल्हापूरचे ‘को’ आणि एक तुटका बाइट एवढेच हाती लागते. म्हणून आकार नेहमी वेगळा पाठवावा.

गेटलाइन जागा स्वतःच वाढवते, त्यामुळे ‘कोल्हापूर’ आणि ‘नवी मुंबई’ दोन्ही अखंड येतात. पहिल्या वेळी पॉइंटर नल (रिकामा) आणि आकार शून्य ठेवायचा, लूपमध्ये तीच जागा पुन्हा वापरायची आणि शेवटी ती एकदाच फ्री (मोकळी) करायची, एवढी शिस्त पुरते. हे २००८ च्या पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात, आले. लिनक्सवर सहज मिळते, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत मिळत नाही. त्याचा दोष त्याच्या गुणातच आहे: कमाल लांबी ठरवता येत नाही. लिनक्सच्या टर्मिनलवर टंकलेली ओळ एरवी ४०९६ बाइटांपाशी अडते, पण तोच प्रोग्रॅम पाइपमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आउटपुटमधून) किंवा नेटवर्कवरून वाचू लागला आणि पलीकडून न्यूलाइन आलेच नाही, तर गेटलाइन मेमरी संपेपर्यंत वाचत राहील. तेव्हा ओळ स्वतःच्या यंत्रावरच्या माणसाकडून येणार असेल तर गेटलाइन, आणि अनोळखी ठिकाणाहून येणार असेल किंवा विंडोजवरही चालवायचे असेल तर मोठ्या ॲरेसह एफगेट्स, अशी निवड मी करेन.

वयही स्कॅनएफने वाचू नये. ओळ आधी पूर्ण घ्यावी आणि मग तिच्यातून आकडा काढावा. त्यासाठी ए-टू-आय हे फंक्शन मोहक वाटते, पण कोल्हापूरच्या त्याच रहिवाशाने वय ‘३५’ असे देवनागरी अंकांत लिहिले तर ते निमूटपणे शून्य परत करते आणि नोंदवहीत नवजात बाळाची भर पडते. स्ट्रटोल या दुसऱ्या फंक्शनलाही देवनागरी अंक एरवी कळत नाहीत, मात्र आकडा कुठे संपला हे ते दुसऱ्या पॉइंटरने सांगते: तो पॉइंटर ओळीच्या सुरुवातीलाच असेल तर एकही अंक वाचला गेलेला नाही, मध्येच असेल तर आकड्यानंतर कचरा आहे, आणि आधी शून्य केलेल्या एररनो या चुकीची नोंद ठेवणाऱ्या चलात नंतर ‘ईरेंज’ दिसला तर आकडा मावलेला नाही. त्यानंतर वय ० ते १२० च्या आत आहे ना, हे पाहण्याचे काम कोणतेही फंक्शन आपल्यासाठी करत नाही.