बर्फ पडायच्या आधीच लिहिलेला रिव्ह्यू: नॅशनल वेदर सर्व्हिसचा लोकल फोरकास्ट

हा रिव्ह्यू मी मुद्दाम बर्फ पडायच्या आधी लिहितेय. एकदा पडून गेला की सगळे फक्त आकडा धरून बसतात, ८ इंच सांगितला होता आणि ३ च पडला म्हणजे हवामानवाले बिनकामाचे, आणि बरोबर ८ पडला तर म्हणणार लागला एकदाचा अंदाज. मला हे पटत नाही. अंदाज आदल्या दिवशी वाचून तुम्हाला काही ठरवता आलं का, ते महत्त्वाचं. उद्या येणाऱ्या स्नोस्टॉर्मसाठी, तेही मार्च संपत आलेला असताना, मला ठरवता आलंय. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी हवामान खात्याच्या, लोकल फोरकास्टबद्दल लिहितेय. साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, अकाउंट काढावं लागत नाही.

आधी माझं काय व्हायचं ते सांगते. फोनवर एक अ‍ॅप होतं, नाव घेत नाही. याच वादळासाठी पाच दिवस आधी त्यात १४ इंच दिसले, मी घाबरून सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवले, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर २ इंच, संध्याकाळी ९, आणि परवा तर नुसतं पावसाचं चित्र. का बदललं, कशामुळे बदललं, एक शब्द नाही. नंतर कळलं की अशी बरीच अ‍ॅप्स एखाद्या मॉडेलचा (म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामचा) ताजा आकडा उचलून जसाच्या तसा दाखवतात. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल दिवसातून ४ वेळा चालतं, म्हणजे दिवसातून ४ वेळा नवीन आकडा, आणि पाच दिवस आधी वादळाचा मार्ग थोडा इकडेतिकडे झाला तरी तुमच्याकडचा बर्फ पाऊस होतो नाहीतर पावसाचा बर्फ. तो आकडा खोटा नसतो, पण असे डझनावारी आकडे शक्य असतात आणि आपल्याला दिसतो एकच.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर नकाशात आपल्या जागेवर क्लिक करायचं. अंदाज साधारण अडीच किलोमीटरच्या चौकटींचा असतो, त्यामुळे टेकडीवरचा वेगळा आणि खालचा वेगळा दिसतो, आणि या दिवसांत तो फरक फार मोठा असतो. पण मी साइटवर जाते ती त्या चित्रांसाठी नाही. पानाच्या खालच्या भागात फोरकास्ट डिस्कशन नावाची लिंक आहे, ती उघडा. देशभर त्यांची १२२ फोरकास्ट ऑफिसं आहेत आणि प्रत्येक ऑफिसात ड्युटीवर असलेला माणूस आपल्या भागापुरतं रोज लिहून ठेवतो की आपण काय बघितलं, कशावर भरवसा ठेवला, कशावर नाही. २०१६ पर्यंत हे सगळं कॅपिटल अक्षरांत यायचं, टेलिप्रिंटरच्या काळातली सवय, आता नीट वाक्यांत असतं. सुरुवातीला जड जातं, कारण ते मुळात जाणकारांसाठी लिहिलेलं असतं, पण बऱ्याच अवघड शब्दांवर क्लिक केलं की अर्थ येतो. मी आठवडाभर रोज वाचलं आणि मग समजायला लागलं.

उद्याचं डिस्कशन मी आज तीनदा वाचलंय. सकाळी दहाच्या सुमारास पाऊस सुरू होईल, दुपारनंतर त्यात बर्फ मिसळेल, अंधार पडल्यावर निव्वळ बर्फ. अडचण कुठे आहे तेही त्यांनी लिहिलंय, जमिनीजवळची हवा ३३ ते ३५ फॅरनहाइटच्या मध्ये घुटमळणार आहे (पाणी ३२ ला गोठतं) आणि सगळा खेळ त्या दोन अंशांचा आहे.

इथे जरा थांबते कारण मला यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जानेवारीतला बर्फ सोपा असतो, हवा थंड, जमीन थंड, वरून पडला की साठला. मार्चअखेरचा बर्फ वेगळा. या दिवसांतला सूर्य आकाशात सप्टेंबरच्या मध्याइतका वर असतो, ढगांतूनही त्याची ऊब डांबराला लागते, म्हणून दिवसा बारीक पडत असेल तर गवत पांढरं होतं आणि रस्ता नुसता ओला राहतो. रात्री तोच बर्फ रस्त्यावरही धरतो. त्यामुळे किती पडणार यापेक्षा कधी पडणार आणि किती जोरात पडणार हे आधी बघायचं. जोराचं आणखी एक कारण आहे, पडता पडता बर्फ वितळतो तेव्हा तो आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, जोरात पडला तर हवा स्वतःच गार होत जाते आणि पावसाचा बर्फ होतो, हलका पडला तर ते होत नाही आणि पाऊसच राहतो. म्हणजे एकाच वादळात दहा मैलांवर एकीकडे ७ इंच आणि दुसरीकडे नुसता चिखल असं होऊ शकतं, आणि त्यात कोणाची चूक नसते. डिस्कशनमध्ये हे मला सरळ सांगितलेलं मिळालं, अ‍ॅपमध्ये कधीच मिळालं नव्हतं.

दुसरं म्हणजे बर्फाचं वजन. सरधोपट हिशोब असा की १ इंच पाण्याचा १० इंच बर्फ, बरेच नकाशे तोच लावतात, पण अशा गोठणबिंदूच्या आसपासच्या हवेत बर्फ ओला आणि गच्च असतो, १ इंच पाण्यात ५-६ इंचच होतो. ऐकायला कमी वाटतं पण पाणी तेवढंच आहे, १ इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरवर २५ किलो. आणि झाडांना पालवी फुटायला लागली असेल तर तो बर्फ फांद्यांवर चिकटून बसतो, फांदी मोडते, तारांवर पडते, वीज जाते. आज दुपारी मी खिडकीसमोरच्या झाडाची फांदी हातात धरून बघितली, कळ्या चांगल्या टपोऱ्या झाल्यात, पाचसहा ठिकाणी टोकाला हिरवं दिसतंय. डिस्कशनमध्ये वीज जाण्याची शक्यता लिहिलेली होतीच, पण ती फांदी हातात आल्यावर मला ते खरं वाटलं. लगेच पॉवर बँक चार्जिंगला लावली, टॉर्चचे सेल बदलले, गाडी झाडाखालून काढून लांब लावली. या सर्व्हिसला मी मार्क देते ते यासाठी.

आकडे हवे असतील तर ऑफिसच्या विंटर पानावर तीन आकडे असतात आणि ते कसे वाचायचे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मधला म्हणजे अपेक्षित, माझ्याकडे ५ इंच. खालचा १, म्हणजे त्यापेक्षा जास्त पडायची शक्यता १० पैकी ९. वरचा ९, म्हणजे त्यापेक्षा जास्त पडायची शक्यता १० पैकी फक्त १. म्हणजे १ ते ९ मधलं काहीही झालं तरी अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही. काही लोकांना हे हात झटकणं वाटतं, एक आकडा सांगा ना म्हणतात. मला उलट वाटतं, १ आणि ९ मधलं अंतरच मला सांगतं की भरवसा किती ठेवायचा. जानेवारीच्या एका वादळात हेच आकडे ६ आणि ९ होते, तेव्हा मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

उशिराच्या वादळांना हलकं घेऊ नका हेही सांगते. १९९७ मध्ये ३१ मार्च आणि १ एप्रिलला बोस्टनमध्ये २५.४ इंच पडला होता. आणि १२ ते १४ मार्च १९९३ चं ते प्रचंड वादळ, दक्षिणेतल्या अलाबामापासून उत्तरेतल्या मेन राज्यापर्यंत बर्फ टाकणारं, त्याची चाहूल मॉडेलांना सुमारे ५ दिवस आधी लागली होती आणि फोरकास्टर्सनी तेव्हा, बाहेर साधं वसंताचं हवामान असताना, त्यावर विश्वास ठेवून लोकांना सावध केलं. आपल्याला आज पाच दिवस आधी ऐकायची सवय झालीय, त्या काळी ते मोठं धाडस होतं.

वॉच, वॉर्निंग आणि अ‍ॅडव्हायजरी यात गोंधळ होतो म्हणून थोडक्यात, वॉच म्हणजे शक्यता आहे तयारीत राहा, वॉर्निंग म्हणजे येतंय, आणि अ‍ॅडव्हायजरी म्हणजे त्रास होईल पण वॉर्निंगइतका मोठा नाही. माझ्या भागात काल वॉच होता, आज दुपारी वॉर्निंग झाली.

कोणाला हे आवडणार नाही? ज्यांना नुसतं छत्री घ्यायची का नाही एवढंच बघायचंय त्यांना. त्यांनी अ‍ॅपच वापरावं. बाकी माझ्याकडून ५ पैकी ५, आणि उद्या १ इंच पडला तरी मी हे खाली आणणार नाही.

आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत. बाहेर ४१ फॅरनहाइट आहे, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो) २३, इतका खाली, म्हणजे हवा चांगली कोरडी आहे. ती अशीच राहिली तर उद्या पावसाचे थेंब या हवेत सुकत जातील, त्याने हवा गार होईल आणि पारा ३४ च्या आसपास येईल, बाकीचं काम पावसाच्या जोराने करायचं. पुढचं डिस्कशन पहाटे चारच्या सुमाराला येतं. मी चारचा गजर लावलाय.