सॅट द्यावी की नको? सीईटीची सवय असलेल्या घरासाठी

मागच्या महिन्यात मार्केट यार्डातले एक हळद व्यापारी मुलीला घेऊन क्लासवर आले. मुलगी अकरावी सायन्सला, गणितात पक्की. अमेरिकेतल्या नऊ कॉलेजांची नावं तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून आणली होती. सॅट ही तिथल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा. वडिलांनी थेट विचारलं, "सर, हे सीईटीसारखंच ना? स्कोअर आला की सीट?"

तसं नाही. पण ते समजावून सांगण्यात माझा दीड तास गेला. सांगलीत असं विचारणारी घरं आता वाढली आहेत, म्हणून लिहूनच ठेवतो.

आधी आपल्या घरचा हिशोब. एमएचटी-सीईटी ही आपल्या राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा. तिचे 200 गुण, त्यातले 100 एकट्या गणिताचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. अभ्यासक्रम 20 टक्के अकरावीचा, बाकी बारावीचा. पर्सेंटाईल दशांशचिन्हापुढं सात आकडे घेऊन येतं, आणि सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला कॉम्प्युटर मिळणार की दुसरी ब्रँच, हे त्या आकड्यांवरच ठरतं. बारावीला खुल्या गटातून 45 टक्के असले की पात्रता झाली. त्यापुढं बारावीचे गुण कामी येतात ते बरोबरी झाली तरच. मुलगी दुकान सांभाळते का, खो-खो खेळते का, हे विचारणारा रकाना कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्मवर नाही. निष्ठुर पद्धत आहे, पण कटऑफ सगळ्यांना दिसतो. जेईईची तऱ्हा तीच. फक्त चुकलं की एक गुण कापतात, आणि एनआयटीसाठी बारावीला 75 टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाईलमध्ये असण्याची अट आहे.

अमेरिकेतल्या वरच्या कॉलेजांत स्कोअरनं दार उघडतं, सीट मिळत नाही. हार्वर्डला 100 अर्जांतले जेमतेम चार आत जातात. सॅटला 1600 पैकी 1550 घेतलेल्या मुलांनाही नकार येतो आणि कारण कुणी कळवत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिथं चालत नाही! शाळेतले गुण, निबंध, शिक्षकांची पत्रं, मूल अभ्यासाबाहेर काय करतं, असं सगळं एकत्र वाचून माणसं ठरवतात.

मग सॅट कशाला, हा पुढचा प्रश्न. इथं कॉलेजागणिक उत्तर बदलतं.

2020 मध्ये कोविडमुळं परीक्षा केंद्रं बंद पडली आणि बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. एमआयटीनं ती मार्च 2022 मध्येच परत सक्तीची केली. त्यांचं कारण आपल्याला पटण्यासारखं आहे: तिथं कुठलीही शाखा घ्या, कॅल्क्युलस आणि फिजिक्स चुकत नाही, आणि मुलाला ते झेपेल का याचा अंदाज स्कोअरमुळं चांगला येतो. तिथं दाखल होणाऱ्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचा (वरचा आणि खालचा पाव भाग सोडून) गणिताचा स्कोअर 800 पैकी 780 ते 800 असतो. 2024 मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक हीही ओळीनं त्याच वाटेनं गेली. येलला सॅटऐवजी एपी किंवा आयबी या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय परीक्षांचे गुणही चालतात. कोलंबियानं मात्र ऐच्छिकच ठेवलं. आणि बर्कली, यूसीएलए ही ज्यात येतात ते कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाही. 1600 घेऊन गेलात तरी उपयोग शून्य. वहीतली नऊच्या नऊ नावं बर्कलीच्या गटातली असती, तर सॅटचे शंभरावर डॉलर वाचवा असंच मी सांगितलं असतं.

खरा घोळ 'ऐच्छिक' या शब्दाचा आहे. आपण त्याचा अर्थ 'नको' असा घेतो. माझं मत विचाराल तर सांगली-साताऱ्याच्या मुलांनी सॅट सक्तीचीच समजावी. बॉस्टनजवळच्या शाळेतल्या मुलीनं ती टाळली तर चालेल, कारण तिच्या शाळेतून दरवर्षी अर्ज जातात, तिथले गुण कसे वाचायचे हे समोरच्याला माहीत असतं, आणि शाळेतला मार्गदर्शक कौन्सिलर पानभर लिहून देतो. आपल्याकडून काय जातं? अर्ज डिसेंबर-जानेवारीत, त्यांचा निकाल मार्चअखेर, आपली बारावीची मार्कशीट मे महिन्यात. म्हणजे त्यांच्या हातात पडते नववी-दहावी आणि अकरावी. अकरावीचे गुण कसे पडतात, ते मी सांगायला नको. इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र, घेतलेली निम्मी मुलं ज्युनियर कॉलेजची पायरी प्रॅक्टिकलपुरती चढतात.

पत्रांचं तर विचारूच नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या कॉलेजच्या ऑफिसातून शिफारसपत्र मिळालं. लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्का आणि एवढाच मजकूर: "सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली असून तिच्या भावी वाटचालीस शुभेच्छा." क्लार्कचा दोष नव्हता, 'शिफारस' म्हटल्यावर त्यानं बोनाफाईडचाच भाऊ काढून दिला. शेवटी फिजिक्सच्या मॅडमनी घरी बसून दीड पान लिहिलं, तेव्हा कुठं अर्ज गेला.

अशा अर्जात जगभर एकाच मापानं मोजलेली गोष्ट सॅटचा स्कोअर, म्हणून आपल्या मुलांच्या बाबतीत त्याचं वजन जास्त. डार्टमथनं सॅट परत आणताना हेच सांगितलं होतं. ऐच्छिक काळात साध्या परिस्थितीतल्या कित्येक मुलांनी 1400 च्या घरातले स्कोअर कमी वाटून झाकून ठेवले. तेच पाठवले असते तर त्यांचा फायदा झाला असता, कारण कॉलेज स्कोअर वाचतं ते शाळा आणि घर बघून.

म्हणून पाठवायचा की झाकायचा, याचा माझा ठोकताळा असा. बरीचशी कॉलेजं आपल्या मुलांच्या मधल्या निम्म्यांचे स्कोअर जाहीर करतात. त्या पट्ट्यात असाल किंवा थोडे खाली, तर पाठवा. ऐच्छिक कॉलेज आहे आणि स्कोअर 1400 च्याही खाली राहिला, तर झाकलेला बरा.

तयारीत सीईटीच्या मुलांना गणित जड नाही. कॅल्क्युलस नाही, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. दमछाक होते ती इंग्रजीत: 64 मिनिटांत 54 प्रश्न, प्रत्येकाला वेगळा छोटा उतारा. सेमी-इंग्रजीतून आलेली मुलं इथं अडकतात, आणि ते दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सनं सुटत नाही. एक सोय चांगली आहे. परीक्षा वर्षातून अनेकदा होते, आणि बरीच कॉलेजं दोन प्रयत्नांतला गणिताचा चांगला आणि इंग्रजीचा चांगला असा मेळ घालून बघतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. परदेशी मुलानं आर्थिक मदत मागितली तरी ती गोष्ट निवडीत न आणणारी कॉलेजं मोजकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अॅम्हर्स्ट आणि आणखी थोडी. इतर बऱ्याच ठिकाणी मदत मागितल्यानं चान्स कमी होतो, मग स्कोअर कितीही असो. सीईटीच्या घराला हे ऐकून धक्का बसतो. त्या व्यापाऱ्यांनाही बसला.

दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो का? सीईटी आणि सॅट जमतं. जेईई, सॅट आणि निबंध हे तिन्ही एकत्र जमलेलं मी अजून पाहिलं नाही, कारण निबंधांचे महिने ऑक्टोबर ते डिसेंबर आणि जेईईचं पहिलं सत्र जानेवारीत. त्या मुलीला मी जेईई सोडायला सांगितली, सीईटी नाही. पहिली सॅट अकरावी संपताना, दुसरी ऑगस्टमध्ये, आणि त्यानंतर स्कोअर कितीही येवो, विषय बंद.

तिनं वहीतली तीन नावं तिथंच खोडली. वडील दारापर्यंत गेले आणि मागं वळून म्हणाले, "सर, सिझनला ही दुकानात हळदीच्या हिशोबपट्ट्या करते. ते लिहायचं का त्यात?"

म्हटलं, लिहायचं. किती पोत्यांच्या करते तेही.